विहिरीजवळचा माड

चौल, २२ नोव्हेंबर २०२५, शनिवार
मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया

काल दिवसभर लाइट नव्हती, आणि सुपारीला पाणी द्यायचा वार नेमका कालचाच. शेजारच्या वाडीत गुरुवारी संध्याकाळीच शिंपणं उरकून घेतलेलं. "काका, मेसेज आला होता की," तिथला मुलगा म्हणाला. मग शोधला. आला होता खरा, गुरुवारी दुपारी बारा वाजून सात मिनिटांनी. त्याच्या वर कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस होता आणि खाली हळद-दुधाचे अकरा फायदे.

चिडून गुरुवारचे सगळे संदेश मोजले. २११. त्यांत ४३ नुसते 'शुभ सकाळ', बहुतेक कमळाच्या किंवा चहाच्या कपाच्या चित्रासकट. बाकीचे भावकीचे, दहावीच्या बॅचचे, वाडीवाल्यांच्या ग्रुपवरचे, दत्तजयंतीच्या तयारीचे, आणि निवडणुकीच्या हंगामामुळे हात जोडलेल्या उमेदवारांचे. माझ्या कामाचा एक. त्या एकाने माझ्या झाडांना पाणी मिळालं असतं.

दुपारी फोनने जाहीर केलं की जागा संपली. आत चौदा हजारांवर फोटो आहेत म्हणे. आमच्या घरात माणसं तीन, वाडी बावीस गुंठ्यांची. चौदा हजार वेळा बघण्यासारखं इथे काय घडलं, मला आठवेना. दोन तास बसून १९० पुसले. तेवढ्यात २२ नवे आले.


२३ नोव्हेंबर, रविवार

भाचा मुंबईहून मित्रांना घेऊन आलाय. उद्या विनायकी चतुर्थी, तेव्हा अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातल्या गणपतीला जाऊ या म्हणाला. किल्ला समुद्रात, पायी जायचं तर सुकती हवी. तो फोन काढून भरती-ओहोटीचं अ‍ॅप उतरवायला लागला. अ‍ॅपने आधी नाव विचारलं, मग ईमेल, मग ठिकाण वापरायची परवानगी, मग एक जाहिरात दाखवली.

आई ओटीवर वाल निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "उद्या चतुर्थी. तीनला भरती. नऊला जा, सुकती मिळेल."

अ‍ॅप उघडल्यावर फरक निघाला वीसेक मिनिटांचा. पोरं चाट पडली. "आजी, कसं काय?"

यात जादू काही नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणून तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास, आणि पाणीही तेव्हा चढतं, ते उधाण. सप्तमी-अष्टमीला पाणी धड चढत नाही नि धड उतरत नाही, तो भांग. चंद्र रोज पाऊण तास उशिरा उगवतो, समुद्र त्याच्या मागे. वर्षभराचं वेळापत्रक एवढ्या एका गुणाकारात बसलेलं आहे, आणि तो गुणाकार चौथीपर्यंत शिकलेल्या बाईच्या डोक्यात पंच्याहत्तर वर्षं आहे. वीस मिनिटं इकडे-तिकडे होतात. पण त्या वीस मिनिटांसाठी दगडावर ताटकळायला कोकणातला माणूस कधी नाही म्हणालाय?

ती पाऊणकी मलाही येते, लहानपणीच शिकलो. पण गेल्या चार-पाच वर्षांत एकदाही केली नाही. फोन सांगतो ना. आज करून बघितली तेव्हा 'पाच पाऊण'ला अडखळलो. पावणेचार.


२६ नोव्हेंबर, बुधवार
चंपाषष्ठी

भाच्याच्या मित्रांना रेवदंडा दाखवायला गेलो. पोर्तुगीजांचा कोट, सातखणी मनोरा, खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर. कोर्लईत अजून पोर्तुगीजमिश्रित बोली घरात बोलतात, हे ऐकून त्यांतल्या एकाने लगेच फोनवर शोधलं आणि वाचत बसला. गाव समोर दिसत होतं. होडीने पंधरा मिनिटं. असो, मी तरी दर वेळी कुठे जातो.

परतताना अफनासी निकितिनच्या स्मारकापाशी थांबलो. चौल-रेवदंड्याला तो निकितिन म्हणूनच ओळखीचा, शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतो. वोल्गाकाठच्या त्वेर गावचा हा व्यापारी, वास्को द गामाच्या कितीतरी आधी, १४६९ च्या सुमारास एक घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. इथून जुन्नरला गेला. तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, मोठ्या मिनतवारीने परत मिळाला. पुढे बिदर, विजयनगरच्या वार्ता, आणि परतीच्या वाटेवर, घर गाठण्याआधीच, स्मोलेन्स्कजवळ मृत्यू. त्याच्या वह्या तेवढ्या १४७५ मध्ये मॉस्कोला पोचल्या. पुढे त्याचं पुस्तक झालं: 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास'.

मित्रांना मी घोड्याची गोष्ट सांगितली, तीच सगळ्यांना आवडते. मला मात्र त्यातली दुसरीच गोष्ट छळते. रशियातून निघताना त्याने धर्माची पुस्तकं बरोबर घेतली होती. वोल्गाच्या मुखाशी तातारांनी लुटलं, त्यात पुस्तकं गेली. पुस्तकं गेली म्हणजे सणांच्या तारखा गेल्या. ईस्टर दर वर्षी वेगळ्या दिवशी येतो, तो काढायचा हिशोब पुस्तकात. मग हा माणूस परक्या मुलखात अंदाजाने उपास धरतो, अंदाजाने सण करतो, आणि वहीत लिहून ठेवतो की आपल्याला कोणता सण कधी येतो हेच कळेनासं झालंय. चंद्र होता, तारे होते, सभोवती एकादश्या नि ईदी पाळणारी माणसं होती. त्याचा स्वतःचा दिवस तेवढा हरवला होता.

त्याच्याजवळ माहिती फारच थोडी उरली होती, माझ्याकडे नको तेवढी आहे, आणि पाणी द्यायचा वार दोघांचाही चुकला. (त्याचा वार जास्त मोठा, कबूल.)

चौलबद्दल त्याने लिहिलं ते किती? माणसं उघड्या अंगाने फिरतात, डोकं झाकत नाहीत, केसांची एक वेणी घालतात, आणि गोरा माणूस दिसला की बघायला मागे लागतात. अशा चार-सहा ओळी. साडेपाचशे वर्षं त्या पुरल्या आहेत.


२८ नोव्हेंबर, शुक्रवार
शुद्ध अष्टमी

एसटीने अलिबागला. फोनच्या दुकानात. पोरगा म्हणाला, "काका, मेमरी वाढणार नाही याची. क्लाउडवर टाका सगळं. महिन्याला थोडे पैसे."

"क्लाउड म्हणजे नेमकं कुठे?"

"वर," म्हणाला, आणि खरोखर बोट वर केलं. छताला पंखा होता.

विचार करतो म्हणून बाहेर पडलो. दुपारची वेळ, घाई नाही. समुद्राकडे जाताना वेधशाळेवरून गेलो. अलिबागला ही चुंबकीय वेधशाळा का आली, हे मला फार उशिरा कळलं. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं होत. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेच्या तारा जवळ आल्या की त्या नाजूक सुया भलतंच सांगू लागणार. ट्राम अडवणं शक्य नव्हतं. म्हणून वेधशाळा उचलली आणि खाडीपलीकडे, त्या काळच्या शांत अलिबागला आणली. इमारतीच्या दगडातसुद्धा चुंबकाला ओढेल असं काही नसावं याची काळजी घेतली. १९०४ ला इथलं काम सुरू झालं, दोन वर्षं दोन्हीकडे बरोबरीने नोंदी घेतल्या, आकडे एकमेकांशी ताडून पाहिले आणि मगच कुलाब्याचं काम थांबवलं. ट्राम धावली १९०७ ला. ट्राम कधीच बंद झाली, अलिबागच्या नोंदी चालू आहेत.

गोंगाट वाढणार हे आधी ओळखून, ज्याचं मोल आहे ते वेळेवर हलवणारी माणसं सरकारी नोकरीत होती. मला ते कौतुकाचं वाटतं. शिवाय त्यांनी मोजायचं ते एकच ठरवलं होतं. भाजीचे भावही सोबत टिपून ठेवू, असं त्यांना वाटलं नाही.

येताना आक्षीला उतरलो. इथला शिलालेख वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला पडून होता. लहानपणी त्यावर बसून आम्ही एसटीची वाट पाहिली असेल, अशी मला शंका आहे. शं. गो. तुळपुळे यांनी त्यावरचा शक ९३४ वाचला, म्हणजे इ.स. १०१२. ते धरलं तर तो मराठीतला सगळ्यात जुना कोरीव लेख. शकाच्या आकड्यावर अभ्यासकांत वाद आहे, तो त्यांनी घालावा. वर चंद्र-सूर्य, मध्ये मोजक्या ओळी, खाली गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला शिवी. आरंभी जगाला सुख चिंतलंय आणि शेवटी शिवी दिलीय. देवीला काय दिलं, कुणी दिलं, कोणाच्या राज्यात, संपलं. दगडात अक्षर खोदायला वेळ लागतो, छिन्नी बोथट होते, पाथरवटाला मजुरी द्यावी लागते. त्यामुळे हळदीचे अकरा फायदे वगैरे आपोआप गळाले असावेत.

पाण्याची बाटली आक्षीच्या थांब्यावर विसरलो. परत गेलो नाही.


३० नोव्हेंबर, रविवार

माळ्यावरून अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, वह्या काढल्या. खारव्याच्या फडक्यात बांधलेल्या, जुन्या दप्तरातल्या रुमालासारख्या. वाळवी लागलेली नाही, आश्चर्य. एकूण एकतीस वह्या, १९६२ ते १९९३ मधल्या, एक साल मधेच गायब. रोजची एक ओळ. 'नारळ १४०. गडी दोन.' 'सुपारी सोलली.' 'पाऊस नाही.' माझी मुंज एका ओळीत: 'मुंज झाली. पान ११० लोकांचे. ईशान्येस माड लावला.' माझ्या बहिणीच्या जन्माची ओळ त्याहून लहान. अण्णांना काही वाटत नसे, असं नाही. पण वहीत वाटण्याला जागा नव्हती.

या वह्या काढायचं कारण निराळंच. दोन दिवसांपूर्वी आई भाच्याला 'निसर्ग' सांगत होती.

ते मी लिहून ठेवलेलं नाही, म्हणून थोडं इथे. ३ जून २०२०. दुपारी वादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं. टाळेबंदी असल्याने सगळे घरातच. आई मधल्या खोलीत, मी दाराला टेबल लावून. नारळ पडताना धप्प वाजतो, ते रोजचं. त्या दुपारी सुपाऱ्या मधोमध मोडत होत्या, आणि तो आवाज लाकडाचा वाटतच नव्हता, बोटं मोडल्यासारखा, पण शेकडो बोटं. वारा थांबल्यावर बाहेर आलो तर पहिल्यांदा दिसलं ते आभाळ. आमच्या वाडीत जमिनीला ऊन लागत नसे. दुसऱ्या दिवशी लागलं. पाट, मिरीचे वेल, पानवेल, सगळ्यावर पांढरं ऊन.

लाइट कित्येक दिवस नव्हती. फोनला रेंज नव्हती. मुंबईची मुलगी तिकडे रडकुंडीला आली होती, आणि मला इकडे ठाऊकच नव्हतं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत फोनची आठवण आली ती फक्त तिच्यासाठी. बाकी काही चुकतंय असं वाटलं नाही. चुकत होतं ते वाडीतच होतं.

मग पंचनामा. मदत झाडामागे ठरली होती, माडाला २५० रुपये, सुपारीला ५०. सुपारीचं रोप धरायला सहा-सात वर्षं लागतात, हे बाजूला ठेवू. पंचनाम्याला आलेल्या माणसाला आकडा हवा होता, आणि पडलेल्या झाडांखाली पडलेली झाडं, मोजायची कशी? आईला खुर्चीत बसवून वाडीत नेलं. तिने ओळीओळीने सांगायला सुरुवात केली. मोरीजवळचा, मुंजीचा, जुळ्यातला एक, म्हातारा, मामांनी दिलेली बाणवली, कुंपणाचा तिरका. माणूस लिहीत गेला. आम्ही नंतर बुंधे शोधून ताळा केला. एकवीस माड तिने सांगितले, एकवीस भरले.

निदान असं आम्ही पाच वर्षं सांगत आलोय.

परवा भाच्याने सहज फोनमध्ये वाडीचे जुने फोटो शोधले. २०१७ चा एक, माझ्या मुलीच्या केळवणाचा, विहिरीपाशी सगळे उभे. आईच्या यादीत विहिरीजवळचा माड आहे, 'निसर्ग'मध्ये पडलेला. ती आजही सांगते की तो शेवटी पडला, सगळ्यांत उशिरा, आणि पडताना रहाटाचा खांब घेऊन गेला. फोटोत विहीर आहे, माणसं आहेत, माड नाही. रहाटाचा खांबही नाही. रहाट तर आम्ही पंप बसवला तेव्हाच काढला.

वही उघडली. सापडायला पाऊण तास लागला. '२४ जुलै १९८९. रात्रभर पाऊस. विहिरीजवळचा माड पडला, खांब मोडला. एसटी बंद.' त्याच रात्री तिकडे अंबा नदीने जांभूळपाड्यावर घाला घातला होता. अण्णांना ते तेव्हा ठाऊक नसणार, दुसऱ्या दिवशीच्या ओळीत ते आहे.

म्हणजे एकविसावा बुंधा कसला होता? आम्ही काय मोजलं? कदाचित जुनंच खोड. कदाचित एकवीस भरायचे म्हणून एकवीस भरले.


१ डिसेंबर, सोमवार
एकादशी

आईला सांगितलं नाही. सांगावं का, यावर रात्री बायकोशी बोललो. तिचं म्हणणं, "त्यांना सांगून काय होणार? तुम्हाला बरं वाटेल."

मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली हे असंच असतं, बाबा, आणि बार्टलेट नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाचं सांगितलं. त्याने अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना वाचायला दिली आणि पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली. प्रत्येक फेरीत गोष्ट त्यांच्या ओळखीची होत गेली. तिथल्या कनूची नुसती बोट झाली. पुस्तक १९३२ चं. डोकं वस्तू साठवून ठेवत नाही, दर वेळी नव्याने मांडतं, असा त्याचा निष्कर्ष.

आमच्या चौलला हे सांगायला केंब्रिज नको. '३६० देवळं, ३६० तळी' असं जो तो सांगतो. कुणी मोजलीत? रोज एक म्हटलं तर वर्ष निघतं, म्हणून ३६०. आकडा चुकीचा, पण गाव लक्षात राहतं. रामेश्वराच्या देवळातलं झाकलेलं पर्जन्यकुंडही कधी उघडलं नि पाऊस कसा आला, हे प्रत्येक घरात वेगळ्या सालाचं असतं. टॉलेमीने सिमुल्ला लिहिलं, कान्हेरीच्या लेण्यांत दान देणारे चेमुलचे म्हणवतात, अरब सैमूर म्हणत. ऐकणाऱ्याने आपापल्या जिभेला सोसेल तसं घेतलं.

तरी मला रुखरुख आहे. भरतीची वेळ वीस मिनिटं चुकली तर चालतं. माड एकतीस वर्षं चुकला तर?

आणि हेही खरं की चुकीची यादी सांगणारी आई तेव्हा वाडीत नसती तर पंचनाम्याला आम्ही 'अंदाजे' म्हणालो असतो. फोनमध्ये फोटो तेव्हाही होते. चार्जिंग नव्हतं.


४ डिसेंबर, गुरुवार
दत्तजयंती

भोवाळ्याच्या डोंगरावर यात्रा सुरू. पाच दिवस आता झोप नाही. पाळणे, जिलेबी, खेळणी, भांडी, कर्णे. आईला पायऱ्या आता जमत नाहीत. निघताना तिने विचारलं, "वर चढताना डाव्या हाताला चाफा होता. आहे का बघ."

पायथ्याशीच फोन काढला फोटोसाठी. 'जागा नाही' म्हणाला. खिशात टाकला.

माझ्या पुढे-मागे सगळे हात वर करून चढत होते. मुलीनेच पूर्वी एक अभ्यास सांगितला होता, लिंडा हेंकेल या अमेरिकी बाईंचा. त्यांनी लोकांना संग्रहालयात फिरवलं. ज्या वस्तूंचे फोटो काढायला लावले, त्या दुसऱ्या दिवशी कमी आठवल्या. नुसत्या पाहिलेल्या जास्त. फक्त ज्यांना वस्तूचा एखादा भाग जवळ आणून टिपायला सांगितलं, त्यांचं विशेष बिघडलं नाही. मला तेव्हा वाटलं होतं, संग्रहालयात काय आठवायचं असतं. आज डाव्या बाजूची झाडं बघत चढलो. एरवी इतक्या वर्षांत मी त्या बाजूला पाहिलंच नव्हतं हे कळलं. चाफा तीन ठिकाणी आहे. एक म्हातारा, एका बाजूने वठलेला, त्याच्या बुंध्याशी कुणी शेंदूर लावलाय. दोन नवे.

घरी येऊन सांगितलं. "वठलेला तो," आई म्हणाली. "मी लग्न होऊन आले तेव्हा एवढा होता," आणि कमरेएवढा हात दाखवला. खरं असेल. तपासणार नाही.

रात्री पौर्णिमेचा चंद्र, नेहमीपेक्षा मोठा. फोनवर त्याचे एकोणीस फोटो आले. फोनने त्यांतले तीनच उतरवले, उरलेल्यांना जागा नव्हती. आम्ही अंगणात बसलो होतो.


६ डिसेंबर, शनिवार

नवी वही आणली, साधी, दोनशे पानी. आईला ओटीवर बसवून सगळी झाडं पुन्हा सांगायला लावली, उभी आणि पडलेली. तिला आवडलं. मध्ये तीनदा भांडली, एकदा माझ्याशी, दोनदा कै. अण्णांशी. विहिरीजवळच्या माडाशी आली तेव्हा मी थांबलो नाही. दोन्ही लिहून घेतलं:

'विहिरीजवळचा माड. आईच्या सांगण्यानुसार निसर्ग वादळात, ३ जून २०२०, शेवटी पडला. अण्णांच्या वहीत २४ जुलै १९८९.'

भावकीचा ग्रुप सोडला नाही, बोलणी खावी लागतील. लाइट जाणार असली की शेजारच्या मुलाने कुंपणावरून हाक मारायची असं ठरलंय. त्याबदल्यात त्याला शहाळी.

आज नारळ १३२. सुपारीला पाणी दिलं. लाइट होती.